मधली खोली

१

दहाला पाच कमी असताना मी कोपरापर्यंत हात धुतो. नोकरी सुटून चौदा वर्षं झाली, पण हातांना ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही रिटायर झालात, हात राहिले कामावर."

आमचा साबणाचा कारखाना होता. आमचा म्हणजे मालकांचा. पण एका जागी एकतीस वर्षं काढली की माणूस आपसूक "आमचा" म्हणायला लागतो. साबण दिसायला साधाच, पिवळसर, कोपरे गोल केलेला. नाव होतं ते त्याच्या वासाचं. त्यात काय काय पडतं हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तेलांच्या बाटल्या दिवसाढवळ्या फाटकातून आत यायच्या. कशाचं किती आणि कशानंतर काय, एवढंच गुपित. ते तीन खोल्यांत वाटून ठेवलेलं होतं.

खोल्या एका ओळीत. मधल्या भिंतींना एकेक लहान खिडकी, तिला सरकती लाकडी झडप, खाली वीतभर रुंदीची फळी. पहिल्या खोलीत गवई. त्याचं गाणं ऐकवत नसे म्हणून त्याला गवई म्हणायचे. तो काम करता करता गुणगुणायचा, एकच चाल, आणि नेमक्या एकाच जागी घसरायचा. आपला वाटा बरणीत घालून तो बरणी फळीवर ठेवी आणि टकटक करी, दोनदा. मधल्या खोलीत मी. माझा वाटा घालून मी पुढच्या फळीवर ठेवायचो. टकटक. तिसऱ्या खोलीत एक मुलगी होती. ती पुढे माझी बायको झाली.

नियम कडक होते. टकटक केलं की तोंड भिंतीकडे. झडपेला बोटभर फट होती. तिच्यातून मागच्याची पाठ दिसली तरच पुढच्याने झडप सरकवायची. मागचा बघत असेल तोवर काहीही उचलायचं नाही. आणि एकदा फळीवर ठेवलं की ते पुढच्या खोलीचं. परत मागायचं नाही.

मी कामावर लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी बरणी फळीवरून निसटली. काच फुटल्याचा आवाज आला, मग तिचं "आई गं!" मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो आणि तसाच उभा राहिलो. तिच्या अंगठ्याला पाच टाके पडले. संध्याकाळी तिला बघायला दवाखान्यात गेलो तर म्हणाली, "वळला असतात तरी चाललं असतं, मधले." लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. ते वाक्य मी निदान चव्वेचाळीसशे वेळा ऐकलं आहे.

कामावर घेताना एका कागदावर सही, सोडताना त्याच मजकुरावर पुन्हा सही. इथे जे कळलं ते माझं नाही, मी ते कुणालाही देणार नाही, असा काहीसा मजकूर होता. शेवटच्या दिवशी साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "घरातसुद्धा नाही ना?"

"घरातसुद्धा नाही, साहेब," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

आणि खरंच नाही. एका पांघरुणाखाली झोपलो, एक मूल वाढवलं, पण माझा वाटा तिला माहीत नव्हता आणि तिचा मला. पाहुण्यांत ती सांगायची, "आमच्या घरात दोन तृतीयांश साबण आहे. उरलेला गवईभावजींकडे."

२

कारखाना बंद पडला त्याला अकरा वर्षं झाली. इमारत पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली आहे. दोन वर्षांनी गवई गेला. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात त्याच्याजवळ बसलो होतो. तापात त्याने माझी बाही धरली. "मधल्या, कान इकडे कर. माझ्याबरोबर जाईल रे ते."

मी त्याचा हात सोडवला आणि पाणी आणतो म्हणून बाहेर आलो. व्हरांड्यात अर्धा तास उभा राहिलो. परत गेलो तेव्हा तो बोलत नव्हता, नुसता गुणगुणत होता. मी योग्यच वागलो असं मी स्वतःला सांगतो. पण त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते.

ही विसरायला लागली दोन वर्षांपूर्वी. आधी गॅस, मग किल्ल्या, मग आठवड्याचे वार. मुलीला ती अजून ओळखते, निदान ही आपली कुणीतरी आहे एवढं तिला कळतं. मला नाही. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिने मला हसून विचारलं, "काका, तुम्ही कुणाकडे आलात?"

मी म्हणालो, "तुमच्याकडेच."

"बसा मग. हे येतीलच एवढ्यात."

मी बसलो. तिच्याबरोबर माझीच वाट बघत बसलो.

डॉक्टर म्हणाले, ओळखीची गाणी लावा, ओळखीचे वास द्या, कधीकधी उपयोग होतो. मुलीने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. "बाबा, करा ना तो वास घरी. तुमचं तुम्हाला येतं, आईच्या हातात तिचं असेल. लिहून ठेवू म्हणजे रोज करता येईल."

"सही केली आहे."

"कुणाकडे? कारखाना नाही, मालक नाहीत, साहेब नाहीत. कुणाला घाबरता?"

मी चिडलो. ती गेल्यावर मात्र आतल्या खोलीतून आवाज आला, "काका, हे अजून कसे आले नाहीत हो?" दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन बारा बाटल्या घेऊन आलो.

३

हा फ्लॅट आम्ही घेतला तोच मुळी एका खिडकीसाठी. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायची खिडकी आहे, सरकती झडप आणि फळी असलेली. घर बघायला आलो तेव्हा ही ती खिडकी बघून पोट धरून हसली होती. "हेच घ्यायचं. आता मी टकटक करणार आणि तुम्ही चहा द्यायचा."

मी ठरवलं, लिहायचं काही नाही, सांगायचं काही नाही. नुसतं काम करायचं. काम करायला कुठल्या कागदाची मनाई आहे? तिच्या बाजूला टेबलावर बाटल्या मांडल्या आणि वर एक फडकं घातलं. तिसऱ्या खोलीच्या बाटल्यांकडे बघायचं नसतं. पातळी किती उतरली ते दिसलं की वाटा कळतो. तिला खुर्चीत बसवलं, झडप लावली. या बाजूला मी. भिंतीतल्या छोट्या कपाटातून काचेची बरणी काढली. माझा वाटा घातला. एक थेंबसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. बरणी फळीवर ठेवली. टकटक. तोंड भिंतीकडे.

फ्रिजची घरघर, खाली कुणाच्या तरी दुचाकीचा हॉर्न. मग झडप सरकली. काचेचा लाकडावर हलका आवाज. तिचा तो खोकला, काम सुरू करताना ती खोकायची तसा. मी भिंतीवरच्या टाइलकडे बघत होतो आणि माझे डोळे भरून आले.

"मधले," पलीकडून आवाज आला, "आज घाई केलीत."

मधले! सात महिन्यांत माझ्या बायकोने मला पहिल्यांदा हाक मारली होती. मी धावत पुढच्या खोलीत गेलो. ती खुर्चीत बसली होती, बरणी मांडीवर, चेहरा ताजा. सारं घर त्या वासाने भरलं होतं. पावणेअकरापर्यंत आम्ही बोललो. साहेबांचा चष्मा, गवईचं घसरणं, पावसात बंद पडलेली कंपनीची बस, सगळं तिला आठवत होतं. मग तिला जांभई आली आणि झोपून उठली तेव्हा मी पुन्हा काका होतो. त्याचं काही नाही. उद्या पुन्हा दहा वाजणारच होते.

४

तिसऱ्या दिवशी हात धुताना माझ्या लक्षात आलं.

वास पुरा होता.

पुरा असायला नको होता. गवईचा वाटा त्यात नव्हताच. पहिला वाटा नसेल तर तो अर्क कच्चा लागतो, नाकाला टोचतो. गवई रजेवर असताना एकदा बदलीच्या माणसाकडून तशी बरणी माझ्याकडे आली होती, ती मी झाकण उघडल्याबरोबर परत पाठवली होती. म्हणजे आमच्या घरातला वास दोन तृतीयांश असायला हवा होता. तो मात्र कारखान्यातल्यासारखा, सुटीच्या भोंग्यानंतर अंगाला चिकटून फाटकापर्यंत यायचा तसा होता.

मी स्वतःची समजूत घातली. चौऱ्याहत्तर वर्षांचं नाक आहे. जे नाही ते आठवणीतून भरून काढत असेल.

चौथ्या दिवशी बरणी रात्रीच घासून, पुसून, उपडी करून कपाटात ठेवली. सकाळी काढली तेव्हा ती सुलटी होती. तळाशी बोटाच्या पेराएवढा तेलकट थर. हीच उठून काहीतरी करत असेल, असं मी म्हटलं, आणि तसं म्हणताना मला बरं वाटलं. तिच्या हातून काहीही झालं तरी ते चांगलंच होतं. थर ओतून द्यावा असं मनात आलं. ओतला नाही. त्यावरच माझा वाटा घातला.

पाचव्या दिवशी कपाटाशी उभा असताना गुणगुणणं ऐकू आलं. त्या भिंतीपलीकडचा फ्लॅट दोन वर्षं कुलूपबंद आहे. कुणाचा तरी रेडिओ असेल. आवाज पाइपातून येतात, लांबचे जवळ वाटतात. मी श्वास रोखून ती जागा येण्याची वाट बघितली, जिथे तो घसरायचा.

तो घसरला.

मी हसलो. मला भीती वाटायला हवी होती हे मला कळत होतं. पण नऊ वर्षांनी मित्राचा आवाज ऐकला की आधी हसूच येतं.

५

ही आता जास्त झोपायला लागली होती. सकाळचा तो पाऊण तास सोडला तर दिवसभर. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतो आहे. मी तिला खुर्चीत नेऊन बसवणंही सोडलं होतं. दहाच्या सुमाराला पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा, तिची ती येऊन बसायची. काम झालं की मी आपला खिडकीशीच उभा राहून, झडपेआडूनच तिच्याशी बोलायचो, तरुणपणी बोलायचो तसा. बोलणं संपवून पलीकडे जाईपर्यंत ती आत जाऊन झोपलेली असायची.

मुलीने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, उद्या आई हेही विसरली तर? मी तिच्या मागे उभी राहते आणि नुसतं लिहून घेते. तिला कळणारही नाही."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग व्हरांड्यातला अर्धा तास आठवला. "ये दहाला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी मुलीचा पत्ता नव्हता. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण दहा म्हणजे दहा. माझा वाटा घातला. टकटक. तोंड भिंतीकडे. झडप सरकली.

"मधले."

"काय गं?"

"बाहेरचं कुणी येणार आहे का?"

खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं. "आपलीच मुलगी आहे."

"सही केली आहे आपण," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण अगदी कोवळा, टाके पडले त्या वर्षीचा.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलीने हाक मारली. "बाबा! आज काम नाही का? मी पावणेदहालाच आले, माझ्या किल्लीने. आईजवळ बसलेय. ती अजून उठलीच नाहीये."

माझ्या समोर टाइल होती. तिला एक केसाएवढी चीर होती. ती मी वरपासून खालपर्यंत बघितली, पुन्हा खालपासून वर बघितली. झडप माझ्या पाठीमागे उघडीच होती, कारण ती बंद झाल्याचा आवाज आला नव्हता. एकतीस वर्षांत मी केलं नव्हतं ते केलं. वळलो.

फळीवर एक हात होता. ओला, तरुण, नखं आखूड कापलेली. अंगठा फाटला होता आणि त्यातून रक्त येत होतं, आत्ताच काच लागल्यासारखं. हाताच्या मागे आमचा सोफा दिसायला हवा होता. तिथे पांढरी भिंत होती, आणि त्या भिंतीत पुढची एक झडप.

हात मागे गेला. झडप लागली.

पुढच्या खोलीत कुणीच नव्हतं. मी टेबलावरचं फडकं उचललं. तिच्या बाजूच्या सगळ्या बाटल्यांची सीलं जशीच्या तशी होती.

६

त्यानंतर मी काम बंद केलं. बाटल्या मुलीला टाकून द्यायला लावल्या. तिने कारण विचारलं, मी "वयाचे चाळे" म्हणून वेळ मारून नेली. हिचा पलंग भिंतीपासून लांब ओढून घेतला. रोज दहाला कपाटातून टकटक ऐकू येते, दोनदा. गवई बिचारा आपला वाटा घालून थांबलेला असतो. मी हात धुतो आणि हिच्या उशाशी येऊन बसतो.

आज ती जागी होती. माझी बाही धरून म्हणाली, "काका, बसा ना. जाऊ नका." मग माझा हात नाकाशी नेला. "छान वास येतो हो तुमच्या हाताला. कसला?"

कपाटातून टकटक झाली. मी उठलो नाही. गवईला ऐकून घेतलं नव्हतं, निदान हिला सांगून तरी टाकू, असं मनात आलं. मी वाकलो आणि माझा वाटा तिच्या कानात सांगितला. कशाचं किती, कशानंतर काय, सगळं. इथे ते मी लिहिणार नाही. पण तिला सांगितलं. सांगायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

ती ऐकत होती. मग हसली, पोट धरून हसायची तशी, फक्त आता त्यात आवाज नव्हता. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी तोंडाला कुलूप लावून बसलात जन्मभर, मधले?"

मी तिचा अंगठा चाचपला. टाक्यांची जुनी, कोरडी, पांढरी खूण. माझीच बायको होती.

"आता माझं ऐका," ती म्हणाली, आणि मला खाली ओढून तिने तिचा वाटा माझ्या कानात सांगितला. सावकाश, एकदाही न अडखळता. सांगून झालं तसे तिने डोळे मिटले. चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान होतं.

मग तिची बोटं पलंगाच्या लाकडी कडेवर हलली. टकटक. दोनदा.

घर गप्प झालं. फ्रिजची घरघरही थांबली. या खोलीत कुठेही खिडकी नाही, फळी नाही, हे मला माहीत आहे. तरी पलंगापलीकडच्या भिंतीत लाकूड लाकडाला घासल्यासारखा आवाज झाला, केसभर, आणि थांबला. कुणीतरी फटीतून बघत असावं. माझी पाठ दिसायची वाट बघत असावं.

मुलगी दारात आली. "बाबा, चहा ठेवलाय टेबलावर. थंड होईल."

"इकडे आण," मी म्हणालो.

"मग माझ्याकडे बघा तरी. काय झालं?"

"काही नाही. तू आण."

हिचा श्वास चालू आहे. हात माझ्या हातात आहे, उबदार. काच फुटली त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो होतो. आज मी तिच्याकडे बघत बसलो आहे. दहा वाजून किती वेळ झाला ते सांगता येणार नाही. घड्याळ माझ्या पाठीमागे आहे.